एन. वाढवे

आंब्याच्या पेटीपाशी हा माणूस चटकन ओळखू येतो. बागवान वरचा एक आंबा कापून फोड पुढे करतो, बाकीची गिऱ्हाइकं ती चाखून पेटी उचलतात. हा फोड खातो, ‘छान आहे’ म्हणतो आणि विचारतो, ‘‘पण हा एकच झाला. पेटीत किती आहेत?’’ चार डझन आहेत असं कळल्यावर तो आणखी सहा कापायला सांगतो; तेही वरचे नकोत, मधले, खालचे, न बघता हाताला येतील ते. बागवान पेटी झाकतो. हा रिकाम्या हातानं घरी येतो आणि बायकोला सांगतो, की आंब्यांबद्दल आज निश्चित असं काही म्हणता येत नाही.

त्याचं नाव मी वाढवे ठेवलं आहे. आद्याक्षर एन. नमुन्यात किती जण घेतले त्या आकड्याला संख्याशास्त्रवाले एन म्हणतात, आणि तो वाढवावा यापलीकडे या माणसाचं जगाकडे काही मागणं नाही. खरं म्हणजे हा एक माणूसच नाही. मिरजेत मी मेंदूविकारांची डॉक्टर. पार्किन्सन्सच्या, म्हणजे आपल्या कंपवाताच्या, जनुकीय संशोधनाच्या निमित्तानं मला जे चार-पाच जण भेटले त्यांचा मिळून मी हा एक केला आहे. म्हणून त्याचा मुक्काम कधी लंडनला असतो, कधी ट्यूबिंगनला, कधी बंगळुरूला. वाढवेला यात काही गैर वाटणार नाही. छोटे छोटे अभ्यास एकत्र ओतून मोठा करायचा हाच त्याचा धंदा. त्याला मेटा-ॲनालिसिस म्हणतात, आणि त्यात मूळ माणसं ओळखू येत नाहीत ही त्याची खुबी समजली जाते.

शिक्षणानं तो इंजिनिअर. मग संगणक, मग संख्याशास्त्र, आणि तिथून पाय घसरून वैद्यकात. पार्किन्सन्सवर त्याचं नाव असलेले निबंध माझ्या वयाहून जास्त असतील, पण पार्किन्सन्स झालेला माणूस त्यानं पाहिला नव्हता. लाखभर रुग्ण त्याच्याकडे होते, सगळे बारकोड लावलेले.

ज्याचं नाव या आजाराला आहे त्या गृहस्थाबद्दलही त्याचं मत फारसं बरं नाही. लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सननं १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यात रुग्ण सहा. त्यांतले दोघे रस्त्यात सहज भेटलेले, आणि एकाला तर त्यानं नुसतं लांबून पाहिलेलं. हे सांगताना वाढवे आवाज खाली आणतो. ‘‘एन बरोबर सहा,’’ तो म्हणतो, ‘‘आणि त्यातला एक लांबून!’’ मी त्याला सांगितलं, की त्या लांबून पाहिलेल्या माणसाचं वर्णन एकदा वाच. सोबतचा माणूस त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला हळूहळू झुलवून तोल आणून देई. मग इशारा झाला की तो एकदम धावतच सुटे, आणि सोबती पुढे पळत जाऊन त्याला झेलायला उभा राही. दोनशे वर्षांनंतरही असा पेशंट माझ्या ओपीडीच्या दारातून येतो तेव्हा मला तपासायला हातोडी लागत नाही. वाढवेनं ऐकून घेतलं. ‘‘वर्णन चांगलं आहे,’’ तो म्हणाला, ‘‘पण पी-व्हॅल्यू?’’

त्याच्या हिशेबी या आजाराच्या शोधाचे दोन काळ आहेत. आधी घराण्यांचा, मग गर्दीचा. घराण्यांच्या काळाबद्दल तो आदरानं बोलतो. आपण खापरपणजोबांबद्दल बोलतो तितक्याच. दक्षिण इटलीतल्या कोन्तुर्सी गावचं एक घराणं होतं, त्यात पिढ्यान्‌पिढ्या कंपवात चालत आलेला. १९९७ साली त्यांच्या रक्तात एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं सापडलं. हे जनुक अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन बनवतं. त्याच वर्षी असंही दिसलं, की साध्यासुध्या, घरात कुणालाच आजार नसलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये जे गोळे साठतात ते याच प्रथिनाचे असतात. ते गोळे लेवी नावाच्या डॉक्टरनं १९१२ सालीच पाहून ठेवले होते. कशाचे आहेत हे कळायला पंच्याऐंशी वर्षं आणि एक इटालियन गाव लागलं. पुढच्या वर्षी जपानी घराण्यांतून पार्किन नावाचं जनुक निघालं, २००४ मध्ये एलआरआरके-२ आलं. मला हा काळ आवडतो. गुन्हा, गाव, आरोपी, सगळं जागच्या जागी.

‘‘पण तुमच्या ओपीडीत अशी घराणी किती?’’ वाढवे विचारतो. फार थोडी, हे मला कबूल करावं लागतं. बहुतेक पेशंट म्हणतात, आमच्यात कुणालाच नव्हता हो. वाढवेचा जन्म या बहुतेकांसाठी झाला आहे.

युक्ती ऐकायला सोपी आहे. आजारी माणसं एका बाजूला घ्यायची, निरोगी दुसऱ्या बाजूला, आणि डीएनएच्या तीन अब्ज अक्षरांपैकी माणसामाणसांत जिथे फरक असतो अशा लाखो जागा तपासायच्या. कुठलं अक्षर आजाऱ्यांकडे जरा जास्त दिसतं? यातली मेख वाढवेनं मला चहाच्या टपरीवर समजावली आणि ती मला पटली, हे सांगायला हवं. चार लाख जागा तपासल्या आणि विसात एक चूक चालेल अशी नेहमीची सवलत दिली, तर निव्वळ योगायोगानं वीस हजार जागा गुन्हेगार ठरतील. म्हणून या लोकांनी चाळण इतकी बारीक केली, की असा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता, म्हणजेच ती पी-व्हॅल्यू, दहा कोटींत पाचाहून कमी असेल तरच नाव घ्यायचं. एवढ्या बारीक चाळणीतून काही खाली पडायचं तर वर ढीग हवा. २००६ साली अमेरिकेत २६७ रुग्ण आणि २७० निरोगी माणसं घेऊन चार लाखांवर जागा तपासल्या; हाती खात्रीचं काही आलं नाही. वाढवे ही गोष्ट दुष्काळाच्या आठवणी सांगाव्यात त्या सुरात सांगतो. २००९ मध्ये ढीग हजारांत गेला आणि युरोपीय वंशाच्या व जपानी लोकांवर काम करणाऱ्या गटांना एकाच वेळी पहिली ठळक नावं मिळाली. त्यात कोण होतं? तेच, कोन्तुर्सीचं अल्फा-सिन्युक्लिन. गर्दीतूनही खापरपणजोबाच निघाले! मी हे बोलून दाखवलं तेव्हा वाढवेनं चहा संपवला.

त्याचं पुण्यवर्ष २०१९. त्या वर्षीच्या निबंधात ३७,६८८ रुग्ण, चौदा लाख निरोगी माणसं, आणि निष्पत्ती ९० खुणा. हा आकडा उच्चारताना तो थोडा थांबतो. त्याच्या आलेखाची चौकट त्यानं दिवाणखान्यात लावली आहे. बुटक्या घरांच्या गर्दीत मधूनच उंच इमारती दिसाव्यात तसं ते चित्र दिसतं म्हणून त्याला मॅनहॅटन प्लॉट म्हणतात. चौथ्या गुणसूत्रावरचा मनोरा सगळ्यांत उंच, सतराव्यावरही एक. येणारे पाहुणे आधी ‘सेन्सेक्स का?’ विचारतात, आणि मग इतका पडला कधी, म्हणून काळजी करतात.

त्या निबंधात आणखी १८,६१८ जण होते ज्यांना पार्किन्सन्स नव्हताच. त्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना होता. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत पाच लाख लोकांची माहिती आहे, त्यातून हे शोधून काढलेले. आईला असेल तर निम्मी अक्षरं तुमच्यात आलीच, म्हणून तुम्ही बदली रुग्ण. ही कल्पना कळल्यापासून वाढवे लग्नकार्यात धोकादायक झाला. पंगतीत शेजारच्याला मठ्ठा हवा का विचारावं त्या सहजतेनं तो विचारतो, ‘‘तुमच्याकडे कुणाचा हात थरथरतो का?’’ एका साखरपुड्यात हे वाक्य मुलीच्या मामांच्या कानावर गेलं आणि स्थळाबद्दल नव्यानं चौकशा सुरू झाल्या. त्यात गंमत अशी, की थरथरणारे सगळे हात पार्किन्सन्सचे नसतात. थायरॉइडचे असतात, नुसत्या वयाचे असतात, आणि वाढवेच्या सख्ख्या आत्याचा हात तर फक्त नणंद समोर आली की थरथरतो.

भारतातही दहा हजार रुग्ण आणि दहा हजार निरोगी माणसं गोळा करायची योजना निघाली, जगभरच्या मोठ्या प्रकल्पानं दीड लाखांहून अधिकांचं लक्ष्य ठेवलं, आणि वाढवेला कुणीतरी सांगितलं की आकडे जिथून येतात ती जागा एकदा पाहून घ्यावी. म्हणून तो मिरजेला आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप. माझ्या ओपीडीतल्या बाकावर पाच-सहा पेशंट बसले होते. हालचाली मंद, चेहरे स्थिर, सगळे त्याच्याकडे पापणी न हलवता बघत होते. आपलं कुणी स्वागत करत नाही असं वाटून तो दारातच थबकला. स्नायू आखडल्यानं चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, हे त्यानं शेकडो वेळा वाचलं असणार.

आजाराचं कारण काय, यावर त्या बाकाचं स्वतःचं संशोधन झालेलं होतं. तासगावचे द्राक्षबागायतदार म्हणाले, फवारणी. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका म्हणाले, तिकिटाचा चिमटा. तीस वर्षं टिकटिक केली, आता हात थांबायला तयार नाही. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या मते शिक्षण खातं. वाढवे हसून म्हणाला, की एकेकाच्या सांगण्यावरून कारण ठरत नसतं. इथे मी मध्ये पडले. तासगावकरांची फवारणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पॅराक्वाट, रोटेनोन यांसारख्या विषांचा आणि पार्किन्सन्सचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि वाढवेच्या नव्वद खुणा एकत्र केल्या तरी वारशानं येणाऱ्या जोखमीचाही १६ ते ३६ टक्के भागच समजतो. उरलेलं कुठे आहे? वाढवेचं उत्तर पाठ होतं. ‘‘एन वाढवला की कळेल.’’

‘‘साहेब, मला एकच सांगा,’’ कंडक्टरकाका म्हणाले. ‘‘हे जीन म्हणता ते आईकडनं आलं का वडलांकडनं?’’

शेजारी बसलेल्या काकूंनी पदर सावरला. ‘‘यांच्या आत्यांचा हात हालायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या लग्नात बघितलाय मी. अक्षता टाकताना.’’

‘‘थंडीनं हालत होता तो.’’

‘‘वैशाखात?’’

वाढवेनं लॅपटॉप उघडला. बहुतेकांमध्ये एकच एक मोठा दोष नसतो, त्यानं समजावलं. नव्वद जागी बारीक बारीक फरक, प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर, काही आईकडून, काही वडलांकडून. मग काकूंकडे वळून तो अगदी निरागसपणे म्हणाला, ‘‘यातले बरेच तुमच्यातही असणार.’’ चाळीस वर्षं जपून ठेवलेला मुद्दा असा एका वाक्यात निकामी झालेला पाहून मला काकूंची दया आली. जनुकशास्त्रानं कुठल्या कुठल्या समजुती मोडल्या याची यादी कुणी केली तर त्यात सासरचं रक्त वाईट असतं हीसुद्धा घालावी.

काकांना आता धीर आला. ‘‘विडी ओढणाऱ्यांना हे कमी होतं म्हणतात, खरं का?’’ खरं आहे, अभ्यासांत तसं वारंवार दिसतं. पण विडी वाचवते, की पार्किन्सन्सकडे झुकलेल्या मेंदूला विडीची ओढच कमी लागते, यावर अजून वाद चालू आहे. काकांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. त्यांनी काकूंकडे असं पाहिलं, की ही बंदी कुणाची होती ते कळलं. मी वाढवेला मुंबईच्या पारशी वसाहतींची गोष्ट सांगितली. डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी तिथे दारोदार जाऊन १४,०१० लोकांची पाहणी केली, ती १९८८ साली छापून आली. पार्किन्सन्सचं प्रमाण लाखात ३२८ निघालं, भलतंच जास्त. समाज वयस्कर, हे त्यात आलंच. शिवाय अग्नी पवित्र म्हणून धूम्रपान निषिद्ध. लहानसा, आपसांत लग्नं करणारा समाज, पत्ते माहीत, घरं ओळीनं. वाढवेचे डोळे भरून आले. ‘‘चौदा हजार,’’ तो पुटपुटला, ‘‘आणि जनुकांची चिप तेव्हा निघालीच नव्हती.’’

बाईंनी मात्र त्याला घाम फोडला. अभ्यासाच्या फॉर्मवर मातृभाषा, आजी-आजोबांचं गाव आणि समाज असे रकाने होते. बाईंनी पहिले दोन भरले, तिसऱ्यात ‘भारतीय’ लिहिलं. ‘‘मी शाळेच्या दाखल्यावर मुलांची जात लिहून लिहून थकले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता माझी नाही लिहिणार.’’ वाढवे काकुळतीला आला. भारतीय म्हणजे चार हजारांवर वेगवेगळे समाज, शतकानुशतकं आपल्याआपल्यातच लग्नं केलेले; तो रकाना नसेल तर आकडेवारी फसवते, आजाराचा म्हणून जो फरक दिसतो तो निव्वळ समाजाचा असू शकतो. बाईंनी हे सगळं ऐकलं, चांगल्या विद्यार्थ्याचं ऐकावं तसं. ‘‘मग रक्तातूनच शोधा की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढी तीन अब्ज अक्षरं आहेत म्हणता.’’ आणि ते शक्य होतं. त्याचीच रीत होती ती. वंशाचं गणित तो रक्तातूनच काढतो. बाईंनी खाली सही केली. पहिलं अक्षर ठसठशीत, पुढचं लहान, शेवटचं मुंगीएवढं. या आजारात हस्ताक्षर असं आकसत जातं. बँकेनं त्यांचे दोन चेक याच कारणानं परत केले होते. वाढवेनं फॉर्मचा फोटो काढला, बारकोडचा.

तरीही एका बाबतीत हा माणूस बरोबर आहे, आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगत नाही. २०१९ चा तो पुण्यवान निबंध सगळा युरोपीय वंशाच्या लोकांवरचा. एलआरआरके-२ मधला जो बिघाड उत्तर आफ्रिकेतल्या अरबांत आणि अश्केनाझी ज्यूंमध्ये सर्रास सापडतो, तो आपल्याकडे क्वचितच दिसतो. म्हणजे त्यांच्या यादीवर आपलं निदान चालणार नाही. २०२३ मध्ये नायजेरियातल्या आणि इतर आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचा अभ्यास आला. तुलनेला निरोगी माणसं लाखावर असली तरी रुग्ण १,४८८ च. तरी त्यांना जीबीए-१ या जनुकात एक खूण मिळाली जी युरोपीयांत जवळजवळ नाहीच. हे जनुक पेशीतला कचरा पचवणारं एक विकर बनवतं. ते कमी पडलं की अल्फा-सिन्युक्लिन साठायला वाव मिळतो. चौदा लाखांच्या ढिगात जे दिसलं नाही ते दीड हजारांत दिसलं. मी वाढवेला विचारलं, आता एनचं काय? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘नायजेरियाचा एन वाढवायला पाहिजे.’’

रक्त काढून झालं. जांभळ्या बुचाच्या नळ्या थंड पेटीत गेल्या. काकांनी बाही खाली करत विचारलं, ‘‘रिपोर्ट कधी मिळंल?’’

‘‘तुमचा वेगळा रिपोर्ट नसतो, काका. तुम्ही एकटे काही सांगत नाही. दीड लाखांत मिसळलात की सांगता.’’

काकांनी क्षणभर विचार केला. ‘‘म्हणजे वडाप,’’ ते म्हणाले. ‘‘भरल्याशिवाय सोडायची नाही.’’

वडाप म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी जीप; एसटीच्या माणसाच्या तोंडी याहून मोठी शिवी नसते. वाढवेला ते माहीत नव्हतं. वडाप म्हणजे काय ते समजावून घेतल्यावर तो हरखला आणि त्यानं ते वहीत टिपून घेतलं, पुढच्या परिषदेसाठी. ‘‘आणि ही गाडी पोचणार कुठं?’’ काकांनी विचारलं. ते मी सांगितलं. एलआरआरके-२ ला आवर घालणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या चालू आहेत. खोकल्याच्या औषधातलं अँब्रोक्सॉल जीबीए-१ च्या त्या विकराला जोर देतं असं दिसल्यानं तेही ब्रिटनमध्ये पार्किन्सन्ससाठी तपासलं जात आहे. ‘‘ती बाटली घरात हाय,’’ काका म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं ती पिऊ नका, चाचणीतला डोस वेगळा असतो, आणि तुमची नेहमीची सिंडोपाची गोळी वेळेवर घ्या, हे सांगण्यात गेली.

पुढच्या गुरुवारी काका परत आले. जीप भरून. भाऊ, चुलतभाऊ, दोन पुतणे, ती अक्षतावाल्या आत्यांची मुलगी, असे अकरा जण. ‘‘साहेबांना माणसं कमी पडतात म्हणत होते,’’ काका म्हणाले. वाढवे खिन्न झाला. अशा अभ्यासात नातलग चालत नाहीत. अक्षरं सारखी असतात, एकच माणूस पुन्हा पुन्हा मोजल्यासारखं होतं, संगणक त्यांना शोधून वगळतो. आयुष्यभर माणसं मागणाऱ्याच्या दारात अकरा माणसं स्वखुशीनं, बाह्या सरसावून उभी, आणि त्याला नको म्हणावं लागत होतं! घेण्यासारखं जीपमध्ये एकच माणूस होतं. काकू. रक्ताचं नातं नाही, पण घर, पाणी, जेवण एक. तुलनेसाठी नवरा-बायको उत्तम.

‘‘तुम्ही केस,’’ वाढवेनं काकांना समजावलं, ‘‘आणि काकू कंट्रोल.’’

‘‘हे सांगायला एवढ्या लांबनं आलात?’’ काका म्हणाले.

काकूंनी रक्त दिलं. घ्यायचंच आहे म्हणून काकांचंही पुन्हा घेतलं, पहिली नळी वाटेत तापली होती. दोन महिन्यांनी वाढवेचा फोन आला. लेबलांची कुठेतरी अदलाबदल झाली होती. बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाकडे एक, हे सगळ्यांत आधी तपासतात. आणि त्यांच्या संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे केस बाई निघाली होती व कंट्रोल पुरुष. दोघांचे नमुने पुन्हा हवेत, नाहीतर एन दोननं कमी होईल. मी काकांना फोन लावला आणि झालेला घोटाळा सांगितला.

‘‘म्हणजे त्यांच्या वहीत कंट्रोल माझ्याकडं आलाय?’’

‘‘सध्या तसं दिसतंय.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काका आवाज बारीक करून म्हणाले, ‘‘मॅडम, गडबड करू नका. दोन दिवस राहू द्या तसंच.’’